सहा गुरूंची यादी

बो-ग्योंगने कार्यक्रमपत्रिका एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि तिसऱ्यांदा तर एकेका नावावर बोट ठेवून वाचली... सहा नावं! सोलच्या त्या सभागृहाच्या दालनात लोक पुष्पगुच्छ घेऊन गर्दी करत होते. तिचा भाऊ मिन सोक-जू परदेशात शिकून आल्यावर आज पहिल्यांदा जाहीर पियानो वाजवणार होता, आणि रिवाजाप्रमाणे पत्रिकेत त्याच्या गुरूंची यादी छापली होती. त्यातल्या एका जर्मन बाईंनी त्याला उन्हाळी शिबिरात मोजून तीन दिवस शिकवलं होतं. त्यांचं नाव होतं. जिने नऊ वर्षं शिकवलं, तिचं नव्हतं!

"आई, हे पाहिलंस तू?"

आईने नजर चुकवली. "पाहिलं. हळू बोल. त्याची नोकरी प्राध्यापक ग्वाकांच्या एका शब्दावर अडलीय. विद्यापीठातली माणसं आधी ही यादीच बघतात. त्यात लाँड्रीवरच्या क्लासचं नाव शोभतं का? हसतील पोराला."

"क्लासचं नाही, माझं नाव हवं होतं."

"घरच्या माणसाचं नाव कुणी छापतं का गं? तू बहीण आहेस त्याची."

बहीण! गेली सत्तावीस वर्षं हा शब्द तिच्या तोंडात बोळ्यासारखा कोंबला जात होता. वडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती, सोलच्या संगीत महाविद्यालयात तिची निवड झाल्याचं पत्र घरी येऊन पडलं होतं. पण गुनसानच्या बाजारात मासे साफ करणाऱ्या आईला दोघांना शिकवणं झेपणारं नव्हतं, आणि सहा वर्षांच्या सोक-जूचा कान विलक्षण होता. 'तू मोठी आहेस,' एवढंच आई म्हणाली. बो-ग्योंगने रडून घर डोक्यावर घेतलं नाही. लाँड्रीवरची खोली घेतली, एक जुना पियानो आणला आणि गल्लीतल्या पोरांना शिकवू लागली. पोरं गेली की सोक-जूची पाळी. एक ओळ दहादा वाजवली की वहीतलं एक सफरचंद रंगवायचं. हा लबाड न वाजवताच अख्खं पान लाल करून ठेवायचा, आणि ती त्याला पुन्हा पहिल्यापासून बसवायची. त्याच्या डाव्या हाताच्या हट्टी करंगळीला वळण लावता लावता तिची स्वतःची बोटं कधी आखडली, ते तिचं तिलाही कळलं नाही...

वाजवलं मात्र पोराने जीव ओतून. डाव्या हाताचे ते मंद, खोल स्वर उमटले तेव्हा शेजारची बाई डोळे पुसू लागली. बो-ग्योंगला रडूही येईना. हे स्वर कुठून आले ते तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं, आणि तरी त्याने तोंड शिवून घेतलं होतं, याचा संताप तिच्या उरात मावत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर सोक-जू दालनातल्या टेबलाशी सह्या द्यायला बसला. बो-ग्योंग रांगेत उभी राहिली. आईने बाही ओढली, तिने सोडवून घेतली. पाळी आली तशी तिने पत्रिका उघडून त्याच्यापुढे ठेवली.

"ताई, तू रांगेत कशाला?"

"सही नकोय मला. माझं नाव कुठंय ते दाखव."

त्याचा चेहरा उतरला. "घरी बोलू ना ताई... इथे सगळे आहेत."

"घरी सगळ्यांना ठाऊकच आहे रे." तिचा आवाज चढला नाही, पण कापत होता. "मी सोलला आले नाही, लग्न केलं नाही, कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. नोकरी माग, त्या ग्वाकांच्या पाया पड, माझं काही म्हणणं नाही. पण नऊ वर्षं तुला कुणी शिकवलंच नाही, असं छापलंस तू. हे हात काय आभाळातून पडले होते?"

सोक-जूने मान खाली घातली. "यादी मीच दिली," तो पुटपुटला. "तुझं नाव गाळ असं कुणी सांगितलं नव्हतं. मलाच लाज वाटली."

मग त्याने पेन उचललं आणि सहा नावांच्या वर, कोऱ्या जागेत लिहिलं: मिन बो-ग्योंग, गुनसान, नऊ वर्षं.

त्याने सरकवलेली पत्रिका तिने तशीच परत ढकलली. "मला काय दाखवतोस? मला ठाऊक आहे. ह्यांना दाखव."

मागची मुलगी पुढे झाली. सोक-जूने सही करण्याआधी तिच्या पत्रिकेवरही ते नाव लिहिलं. मग तिच्या मागच्याच्या, मग त्याच्याही मागच्याच्या... आई केव्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात गर्दीने वाट करून दिली आणि प्राध्यापक ग्वाकांनी आपली पत्रिका टेबलावर ठेवली. छापील यादीत सर्वांत वर त्यांचंच नाव होतं. सोक-जूचा हात थबकला. आणि इतका वेळ धुमसत असलेली बो-ग्योंग झटकन पुढे झाली... जन्माची सवय! तिने पेन धरलं.

"राहू दे रे," ती कुजबुजली. "ह्यांच्यावर नको. तुझी नोकरी..."

"सोड ताई."

त्याचे डोळे वाहत होते. त्याने तिची बोटं एकेक करून पेनावरून सोडवली, आणि प्राध्यापक ग्वाकांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या नावाच्या वर, तिचं नाव लिहिलं.