चार बोटांचा पंजा

ही गोष्ट खोटी असती तर किती बरं झालं असतं!

पण खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी. साल १९६२, चैत्र महिना. कळंबात, बाजारपेठेच्या मागं, मल्लिनाथ शेटच्या विटांच्या घरात.

मी बंडप्पा गवंडी. सांगताना आजही लाज वाटते, पण सांगतो.

ते घर बघायला लोक लांबून यायचे. दगड फक्त पायाला, वर सगळी वीट. लाकडाचा एक वासा नाही, सगळा भार कमानींवर. जिना भिंतीच्या पोटात. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी, आणि विटांचा सांधा असा की सुई जायची नाही.

हे घर निजामाच्या राज्यात उस्ताद दादामियाँनी बांधलं. माझे वडील शिवप्पा त्यांच्या हाताखाली चुना मळायचे. थापी कशी धरायची ते मला उस्तादांनीच शिकवलं, पोटच्या पोराला शिकवावं तसं.

उस्तादांची एक सवय होती. वीट लावायच्या आधी थापीच्या मुठीनं दोनदा ठोकायचे. खण… खण… पक्की वाजली की म्हणायचे, "हं."

कच्ची असली की एक शब्द नाही. गुमान बाजूला टाकायचे.

आणि प्रत्येक घरासाठी एका ओल्या विटेवर ते आपला डावा पंजा उमटवायचे. ती वीट भाजून मोठ्या दारापाशी बसवायची. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती, म्हणून पंजा चार बोटांचा. ह्या घरातही तो होता.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी, विलीनीकरणाच्या धामधुमीत, उस्ताद घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. कुणी शोध घेतला नाही. मीही नाही.

चौदा वर्षांनी निरोप आला. जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब येणार, घराची सरकारी नोंद होणार. दारावर पाटी लागणार, पाटीवर बांधणाऱ्याचं नाव. आणि इथून पुढची डागडुजी बांधणाऱ्याच्याच घराण्याकडं राहणार.

आदल्या दिवशी उस्तादांची बायको हमिदाबी माझ्या दारात आली.

"बंडप्पा, साहेब मला कुठं इचारतो? तू सांग. ह्यांचं नाव लिहायला लाव."

"सांगतो की, चाची. त्यात काय एवढं!"

"कबर तर न्हाय रे त्यांची. पाटी तरी व्हईल."

सकाळी सगळ्यांच्या आधी मी त्या घरात गेलो. सोबत चुन्याचं घमेलं नेलं होतं. पंज्यावर चुना ओढला आणि थापीनं सारखा केला.

दहा वाजता साहेब आले. "कुणी बांधलं हे?"

"माझ्या वडलांनी, साहेब. शिवप्पा गवंडी."

मल्लिनाथ शेटनं माझ्याकडं एकदा बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तो खाली बघून अडकित्ता चालवत राहिला.

दुपारी मंडळी शेजारच्या वाड्यात जेवायला गेली. साहेबांच्या मापाच्या फिती आणि कागद सांभाळत मी एकटाच घरात बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आधी पारव्यांचं घुमणं थांबलं.

मग बाजारातला गलका थांबला… एकदम. एवढ्या बाजाराच्या दिवशी!

आणि जिन्यातून आवाज आला…

खण… खण…

मी म्हणलं, कुणी पोरंसोरं असतील. "कोण हाय रं?"

मी उठलो.

खण… खण… आता मधल्या खोलीत. मी जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. धुळीत फक्त माझीच पावलं.

आवाज पुढं सरकत होता. एकेक कमान तपासत, सावकाश. तसं तपासणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला होता.

मोठ्या दारापाशी तो आला. मी सकाळी लावलेल्या चुन्यावर…

खण… खण…

मी श्वास धरून थांबलो. आता 'हं' येईल म्हणून.

आलं नाही.

"चुकलो, उस्ताद!" असं ओरडून मी नखांनी चुना खरवडला. वीट उघडी पडली.

कोरी होती.

चार बोटं नाहीत, तळवा नाही. काल दिसणारा पंजा, आज तिथं नुसती गुळगुळीत वीट.

मी धावत साहेबांकडं गेलो. "साहेब, मी खोटं बोललो. घर दादामियाँचं हाय. त्यांचा पंजा हाय विटंवर!"

साहेब ताट सोडून आले. विटेवर हात फिरवला. "कुठाय पंजा?"

शेट हसला. "उन्हानं डोस्कं फिरलंय त्याचं, साहेब."

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की हमिदाबीला विचारा. घर चार गल्ल्यांवर होतं. पण मला ते डागडुजीचं कामही दिसत होतं, वडलांचं नावही दिसत होतं.

मी गप्प बसलो.

श्रावणात पाटी लागली. हमिदाबी धुतलेलं लुगडं नेसून आली. तिला अक्षरओळख नव्हती.

"वाच की रे, बंडप्पा."

पाटीवर माझ्या बापाचं नाव होतं. मी तिच्याकडं न बघता वाचलं, "बांधणारे… उस्ताद दादामियाँ."

तिनं पाटीवर हात फिरवला. डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात भिंतीतून आलं…

खण… खण…

हमिदाबीनं चटकन मान वर केली. तिनंही ऐकलं होतं! तोंडावर हसू पसरलं. चाळीस वर्षांच्या संसारातला आवाज तो, तिला कोण सांगणार? ती कान देऊन उभी राहिली. 'हं'ची वाट बघत.

मीही बघत होतो.

हळूहळू तिचं हसू मावळलं. ती पाटीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"बंडप्पा… परत एकदा वाच रे."

मी परत तेच वाचलं.

ती गुमान निघून गेली. पुन्हा त्या घराकडं कधी फिरकली नाही.

त्यानंतर मी पुष्कळ घरं बांधली. आजही वीट हातात घेतली की दोन ठोके ऐकू येतात. मी थांबतो.

पुढं काहीच येत नाही.