टोपणावरचं गंध

"गुंडू, ते गाठोडं सोड आधी. कुणी सांगितलं बांधायला?" वसुमती दारातूनच ओरडली.

"तुझ्या अण्णांनीच," गुंडू म्हणाला. "माझ्या बाबानं ट्रॅक्टर बिघडवला म्हणे. उद्या निपाणीला परत जायचं. कायमचं."

वसुमतीचं डोकंच फिरलं. दसऱ्याची सुट्टी, आणि गुंडूच नाही? ती तशीच कोरमंगल्याच्या शेताकडे सुटली. मागोमाग गुंडू, त्याच्या मागे तिचा धाकटा भाऊ हयवदन.

काल आयुधपूजा, म्हणजे अवजारांची आणि गाड्यांची पूजा झाली. अण्णांनी ट्रॅक्टरला पुढून मागून स्वतः गंध फासलं, झेंडूचे हार घातले. चाकाखालची लिंबं चिरडत ट्रॅक्टर ऐटीत निघाला आणि तळ्याच्या बांधावर बंद पडला. बेंगळुरातून मेस्त्री आला. त्यानं टाकी उघडून डिझेल बघितलं, हवा काढली, ट्रॅक्टर चालू करून दिला. तो गेला, की थोड्या वेळानं पुन्हा बंद. मग सगळा राग ड्रायव्हरवर, गुंडूच्या बाबावर.

गुंडूचा बाबा विठोजी बांधावर ट्रॅक्टरचा दिवा पुसत बसला होता. आधीच लख्ख असलेला.

"मामा, एकदा चालू करा ना," वसुमती म्हणाली.

घर्र, घर्र. पुढे काही नाही.

"मेला," हयवदन म्हणाला.

"तू गप रे. मामा, डिझेल आहे ना?"

"भरपूर आहे, पोरी. हे बघ." विठोजीनं टाकीचं टोपण फिरवलं.

सुस्स! टाकीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज आला.

"मेस्त्रीनं उघडली तेव्हा पण असंच झालं?"

"होय की. का गं?"

वसुमतीनं टोपण हातात घेतलं. वर गंधाचा जाड, वाळलेला थर. "आईनं परवा तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं, तेल येईना. दुसरं पाडलं, हवा आत गेली, मग धार लागली. या टोपणाला भोक नसतं?"

"असतं की, बारीक..." विठोजी थांबला. "अरे देवा."

तिनं केसातला आकडा काढून गंध खरवडलं. भोक मोकळं झालं. विठोजीनं हातपंप मारून नळीतली हवा काढली, टोपण लावलं, किल्ली फिरवली. ट्रॅक्टर धडधडला.

"आत्ता खरी परीक्षा," हयवदन पुटपुटला.

तिघं मडगार्डावर चढली. ट्रॅक्टर शेताच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. बंद पडला नाही. गुंडू बाबाच्या पाठीला टेकून बसला.

आवाज ऐकून अण्णा सायकल टाकून पळत आले. "कुणी दुरुस्त केला?"

"बिघडवला कुणी ते विचारा, अण्णा." वसुमतीनं गंधानं माखलेला आकडा पुढे केला, आणि भोकाची सगळी गोष्ट सांगितली.

अण्णा त्या आकड्याकडे बघतच राहिले. "गंध तर मीच लावलं होतं." मग त्यांनी विठोजीचा हात धरला. "चुकलं माझं. न बघता बोललो तुला."

"असू द्या, अण्णा. भक्ती स्वल्प जास्त झाली, एवढंच."

अण्णांना हसू आलं. त्यांनी वसुमतीच्या डोक्यावर हात ठेवला. "सरी, ठरलं तर. पुढच्या वर्षी टोपणाला गंध तू लावायचं."

"भोक सोडून," गुंडू म्हणाला, आणि गाठोडं सोडायला घराकडे पळाला.