तळ्यावर जाऊ ना

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. माझ्या जनीआत्याने देवावर हात ठेवून सांगितलंय, आणि ती बाई थापा मारणारी नव्हे.

१९७४चा मार्गशीर्ष. खोपोली. भर दुपार.

लोधिवलीच्या चांगोचं जनीशी दुसरं लग्न झालेलं. पहिली बायको येसू घाटाखालच्या तळ्यात पाय घसरून गेली, असं तो सांगे. रीतीप्रमाणे सासूने जनीच्या गळ्यात सवतीचा टाक घातला. येसूच्या नावाचा चांदीचा एवढासा पत्रा. काहीही खाताना पहिला घास त्याला लावायचा.

चांगो नव्या बायकोला जीपमधून खंडाळ्याचा घाट दाखवायला निघाला होता. खोपोलीत वडे घेतले. जनीने वडा टाकाला लावला. "ताई, आधी तू."

चांगो भडकला. "मेलेलीला काय भरवतेस गं?"

त्याने टाक हिसकावला आणि स्वतःच्याच खिशात कोंबला.

केवढी ही मस्ती!

घाटाच्या पायथ्याशी डावीकडे कच्चा रस्ता फुटत होता.

"तळ्यावर जाऊ ना... जवळच हाय."

"तिकडं नाय जायचं!" चांगो जनीवर खेकसला.

जनीच्या तोंडात तर वडा होता... कसाबसा गिळून ती म्हणाली, "आवो, मी कुठं काय बोलले?"

"जाऊ ना..."

या वेळी आवाज त्याच्या खिशातून आला.

चांगोला दरदरून घाम फुटला. त्याने स्टिअरिंग उजवीकडे दाबलं. जीप डावीकडे वळली. त्याने करकचून ब्रेक मारला. जीप चालतच राहिली...

तळ्याकाठी इंजिन आपोआप बंद पडलं.

पाखरं गप्प. वारा पडलेला. पाण्यावर साधा तरंग नाही...

चांगो उतरला. कुणीतरी मनगट धरून ओढावं तसा पाण्याकडे चालू लागला.

"येसू, सोड गं! चुकलो मी! ढकलायला नको होतं तुला!"

जनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी कुंकवाचा धनी तो. तिने धावत जाऊन त्याचा सदरा घट्ट धरला.

तिच्या हातावर एक गार, ओला हात आला... त्याने तिची बोटं हळूच सोडवली. एकेक करून.

पाणी चांगोच्या गळ्याशी आलं. मग डोक्यावरून गेलं.

फौजदाराने विचारलं, "घाट सोडून इकडे कशाला वळलात?"

"मीच म्हणाले, तळ्यावर जाऊ," जनीने सांगितलं.

परवा मी विचारलं, "आत्या, तू खोटं का बोललीस गं?"



"खोटं कुठं? तोंड नाय उघडलं मी. पण आवाज माझाच होता रं..."

तेव्हापासून आत्या बोलायला लागली की मी आधी तिचे ओठ बघतो.