कात्री नसलेलं मशीन

काकांनी तिचं नाव मिस्त्रीण ठेवलं ते चिडवायला, पण तिने ते मानाने मिरवलं. ती प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. भंगारात निघालेल्या प्रिंटरच्या मोटारी, दोन लोखंडी दांडे आणि आत्याचं जुनं शिलाई मशीन, एवढ्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरतकामाचं यंत्र उभं केलं. सुई जागच्या जागी वरखाली व्हायची आणि कापड ताणलेली रिंग कॉम्प्युटरच्या हुकमाने सरकायची.

भरतकामाची हौस तिला कधीच नव्हती. डोक्यात होते काका. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, म्हणजे आत्याने, उभा जन्म त्यांच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत फुलं भरली आणि काकांनी ती स्वतःची नक्षी म्हणून खपवली. तिची नजर गेली तेव्हा "आता घरी बसून आराम कर" म्हणून वाटेला लावलं. आत्या वारली ती मिस्त्रिणीच्या घरी. तेव्हापासून मिस्त्रीण काकांवर दात धरून होती. आत्याच्या नक्ष्या आत्याच्याच नावाने घरोघर पोचवायच्या आणि काकांच्या दुकानाला कुलूप लागलेलं डोळे भरून पाहायचं, एवढंच तिला हवं होतं.

चाचणीसाठी तिने दोन फुलं भरायला लावली. यंत्राला दोरा तोडता येत नव्हता, तशी सोयच तिने केली नव्हती. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये लांब दोरा राहणार, तो मागाहून कात्रीने कापायचा, असा हिशोब. चहा गाळून ती वळली तर फुलं भरून झाली होती आणि मधला दोरा नव्हता.

सुईत अडकून तुटला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कापडावरही तेच झालं. दोऱ्याचं टोक तिने भिंगाखाली धरलं. ते चावलेलं होतं, दुभंगलेलं होतं, आणि ओलं होतं.

आत्या कात्रीला हात लावत नसे. दोरा दातानेच तोडायची, आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला असल्यामुळे तिच्या दोऱ्याला कायम दोन शेंड्या यायच्या.

मिस्त्रिणीने यंत्र पूर्ण सुटं करून पुन्हा जोडलं. आत कुठे धार नव्हती, ओल नव्हती. खरं तर तिची गाळण उडायला हवी होती, पण तिला हायसं वाटलं.

काकांना वास लागायला वेळ लागला नाही. ते आले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि यंत्र न्याहाळत राहिले.

"मशीन माझ्या बहिणीचं. म्हणजे दुकानात यायला हवं, नाही का?"

"न्या की, काका. आधी चालवून तर बघा."

त्यांनी खिशातला रुमाल रिंगमध्ये ताणला. "माझं नाव भर. जरा झोकात येऊ दे."

तिने नाव टाकून बटण दाबलं. नाव उमटेना. सुईने निळ्या दोऱ्याची एक वाकडी रेघ भरली, तिच्याखाली बारीक उभे टाके घातले. मग शेजारी तशीच दुसरी. मिटलेल्या दोन पापण्या.

"बंद कर," काका म्हणाले.

बंद करायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. तिने ते दाबलं नाही.

दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला.

काकांनी रुमाल ओढून खिशात कोंबला आणि कोट तसाच टाकून निघून गेले.

सकाळी काकूंचा फोन आला. "यांचे डोळे उघडत नाहीत गं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांना काहीच झालेलं नाही. पापणीच्या कडेला नुसता दोऱ्याचा तुकडा निघाला, निळा."

"टोक कसं आहे?"

काकूंनी तुकडा उजेडात धरून पाहिला. "दोन शेंड्या आहेत. का गं?"

"काही नाही. त्यांना म्हणावं, आता घरी बसून आराम करा."

फोन ठेवून ती यंत्रापाशी आली. आत्या, पुरे, असं म्हणायला हवं हे तिला कळत होतं. तिने खुर्चीवरचा कोट उचलला आणि डाव्या छातीवरचा भाग रिंगमध्ये नीट ताणून बसवला.

लाल रीळ चढवून ती दोऱ्याचं टोक शोधू लागली. ते आधीच सुईत ओवलेलं होतं, आणि ओलं होतं.