जंत, प्रकार नमूद नाही

माझी आत्या थापा मारणाऱ्यातली नाही. स्वतःची चूक झाली तरी चारचौघांत कबूल करून मोकळी होते. म्हणून सांगते, हे घडलंय. आणि रात्रीबेरात्री नाही. मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता, हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये.

आत्याचं काम कोडिंगचं. पेशंट घरी गेला किंवा... कायमचा गेला, की त्याची फाईल खाली येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला यादीतला नेमका कोड लावायचा आणि फाईल बंद करायची. बावीस वर्षं हेच.

त्या दिवशी सोबतची बाई जेवायला गेली होती. आत्या एकटीच.

समोर एका बाईची फाईल होती. वय चौतीस. दोन महिने जुलाब, अंगाचा नुसता सापळा झालेला. आठ दिवसांपूर्वी वारली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पोटात जंत.' बस्स.

कुठले जंत, काही पत्ता नाही. आत्याने कॉम्प्युटरवर नेहमीचा कोड टाकला. जंत, प्रकार नमूद नाही.

तेवढ्यात...

मागच्या कपाटांमधून चपला फरफटल्याचा आवाज आला.

एक. दोन. तीन. चार.

मग शांतता. आणि धाप लागल्यासारखा श्वास...

"आलीस का गं? आज जेवण गिळलंस की काय!" आत्या मान वर न करताच म्हणाली.



पुन्हा चार पावलं. पुन्हा थांबणं. या वेळी जवळच्या कपाटामागे.

"चेष्टा पुरे हं! इथे कामाचा ढीग पडलाय."

आत्याने उठून पाहिलं. कपाटांमध्ये चिटपाखरू नव्हतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. खोलीला दार एकच, तेही तिच्या टेबलासमोर. तिथून कुणी आत आलंच नव्हतं.

खुर्चीत बसून तिने उगाच फाईलचं पान उलटलं. नर्सच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अशक्तपणा फार. चार पावलं चालली की थांबते.'

आत्याने ती ओळ पुन्हा वाचली.

आणि चार पावलं वाजली... अगदी खुर्चीच्या पाठीशी.

मानेवर श्वास. मग बाईचा अगदी बारीक आवाज.

"ताई... नीट बघा ना..."

मागे वळायची हिंमतच झाली नाही. आत्या भराभर पानं उलटत सुटली. शेवटची दोन पानं चिकटली होती. ती तिने सोडवली.

मध्ये दडलेला, बाहेरच्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट. तारीख बाई गेल्यानंतरची. 'कॅपिलारिया.' कच्च्या माशांतून पोटात जाणारा दुर्मीळ जंत. एका गोळीने तो मरत नाही, दिवसेंदिवस औषध द्यावं लागतं.

मानेवरचा श्वास थांबला. पण परत जाणारी पावलं... वाजली नाहीत.

आत्याने वर डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, त्या बाईचा लॅब रिपोर्ट तुम्ही पाहिलाच नाही का?"

तिने रिपोर्ट वाचून दाखवला.

"तिची धाकटी बहीण कालपासून वॉर्डात आहे," ते म्हणाले. "तेच जुलाब, तसंच पोट. तिला जंतांची एक गोळी देऊन मी आज घरी सोडणार होतो."

बहीण वाचली. महिन्याभराने आपल्या पायांनी घरी गेली.

आत्या अजून तिथेच कामाला आहे. पण प्रत्येक फाईल बंद करण्याआधी तिच्या तोंडून आपोआप निघतं, "बरोबर आहे ना?"

आणि कुणी उत्तर द्यायच्या आत... ती घाईघाईने बटण दाबते.