मामाचा ठेका

दादाला नाचू द्यायचं नाही, या एकाच अटीवर वहिनीने त्याला कार्यक्रमाला सोडलं होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याला अजून फार दिवस झाले नव्हते.

"वन्सं, तो माणूस गिटार हातात घेईल आणि हे खुर्ची सोडतील," दारात उभी राहून ती मला म्हणाली. "तुम्ही यांना सोडू नका."

मी एका दवाखान्यात हृदयाचे आलेख काढते. घरात माझ्या शब्दाला वजन आहे ते एवढ्यासाठीच. दादा मला इन्स्पेक्टरबाई म्हणतो.

'तो माणूस' म्हणजे मामा. त्याचे सगळेच चाहते त्याला मामा म्हणतात. फंक, म्हणजे अंग हलवायला लावणारं ते ठेक्याचं संगीत, वाजवावं तर त्यानेच, असं आम्हा भावंडांचं शाळेपासूनचं मत. त्याची कॅसेट ऐकून ऐकून आम्ही झिजवली होती. रीळ अडकलं की दादा पेन्सिल घालून गुंडाळायचा आणि मी श्वास रोखून बघत बसायचे. मामाला समोर बसून ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

कार्यक्रम दुपारचा होता, एका जुन्या चित्रपटगृहात. पुढच्या काही रांगांच्या खुर्च्या काढून नाचायला जागा केली होती. आम्ही तिच्या कडेलाच बसलो. तापलेल्या विजेच्या तारांचा वास येत होता. खाली लाकडी जमीन होती, कोणी चाललं तरी तळव्यांना कळायचं.

मामा आला तेव्हा लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी मात्र जरा चमकले. कॅसेटवरच्या फोटोत होता तसाच दिसत होता तो. केस तेवढेच, गळ्याची शीरसुद्धा तशीच ताठ.

"रंग लावत असेल केसांना," मी म्हणाले.

"तू गप्प बस आणि ऐक," दादा म्हणाला.

मग मामाने अंगठ्याने जाड तार ठोकली, आणि खरं सांगते, मीही सगळं विसरले. काय वाजवत होता! ड्रमवाला, ट्रम्पेटवाले, सगळे त्याच्या मागे धावत होते. एक पोट सुटलेला टॅक्सीवाला गणवेशातच घुसला आणि असा कंबर हलवायला लागला की लोकांनी त्याला वाट करून दिली. दादा उठलाच. मी त्याचा शर्ट धरला, तो सुटला. शेवटी मी मनगट धरलं आणि सवयीने बोटं नाडीवर गेली.

दादाची नाडी मला पाठ आहे. चालता चालता ती मध्येच एखादा ठोका गाळते. गोळ्या त्यासाठीच चालू आहेत.

ती गाळत नव्हती. ती वाजत होती. मामाच्या तारेबरोबर, त्याच जागी जोर देऊन, त्याच जागी थबकून.

जमिनीची थरथर बोटांत येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाय वर घेऊन खुर्चीच्या दांडीवर ठेवले. पुन्हा नाडी धरली. तेच.

शेजारी एक आजी उभ्या होत्या, खांदे उडवत. "आजी, जरा हात द्या," म्हणून मी त्यांचा हात घेतला. त्यांना वाटलं नाचायला बोलावतेय, खुशीत हसल्या. त्यांच्या मनगटातही तीच धून होती. या वयाची नाडी अशी उड्या मारत नाही.

मी स्वतःच्या गळ्याला बोटं लावली. माझी नाडी घाबरून पळत होती, पण ती माझी होती.

"दादा, चल. घरी जाऊ."

"आत्ता? वेड लागलंय का?"

"तुला काही होतंय का?"

"इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं गं," तो म्हणाला. तेवढ्यात मामाने हात वर केला.

सगळी वाद्यं एकदम थांबली. फंकमध्ये असं करतात. सगळे थांबतात, लोक श्वास रोखतात, मग पुन्हा धमाल.

दादाची नाडीही थांबली.

मी बोटं सरकवली. दाबली. काही नाही. तो तसाच ताठ उभा, गालांवर लाली, डोळे मंचाकडे.

"दादा!"

"शू. आता येईल," तो म्हणाला.

आजींचा हात अजून माझ्या दुसऱ्या हातात होता. तोही मुका.

मामाचा अंगठा तारेच्या वर अधांतरी होता. तो कोणाकडेच बघत नव्हता. फक्त माझ्याकडे.

मग अंगठा खाली आला.

माझ्या दोन्ही हातांत एकदमच ठोका पडला.

त्यानंतर मी दादाला ओढून नेण्याचा विषय काढला नाही. वाजत असताना त्याला दाराबाहेर न्यायची माझी हिंमत नव्हती. संपेल तेव्हा काय होईल, याचीही तितकीच भीती. पण कार्यक्रम संपला, टाळ्या थांबल्या आणि दादाची नाडी चालूच राहिली. ठणठणीत, एकसारखी. एकही ठोका गाळत नव्हती.

बाहेरच्या दारात मामा स्वतः उभा होता, प्रत्येकाशी हात मिळवत. दादाने तर त्याला मिठीच मारली. मग माझी पाळी आली.

"तुम्ही नाचला नाहीत," मामा म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

मी हात पुढे केला. त्याचा हात उबदार होता. माझी बोटं आपोआप त्याच्या मनगटाकडे सरकली, आणि त्याने ती सरकू दिली.

आत एकच नाडी नव्हती. आत गर्दी होती. दमलेल्या, घाईतल्या, जड, अडखळणाऱ्या, एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या. त्या सगळ्यांच्या तळाशी एक अगदी बारीक होती, फार वेगाने धावणारी. तसे ठोके मी फक्त आमच्या दवाखान्यातल्या शेजारच्या खोलीतून ऐकते, जिथे गरोदर बायकांना तपासतात.

मी हात सोडवून घेतला आणि पायऱ्यांकडे पाहिलं.

गर्दी उतरून चालली होती. मध्येच एक तरुण बाई थांबली होती. दोन्ही हात पोटावर ठेवून, मान किंचित कलती करून, ती आतलं बाळ हलण्याची वाट बघत होती.