फाटकापलीकडची मोटारसायकल

ब्रॉन ट्रेस्ट्रेल हरवल्याचं आणि गेल्याचं एकाच दिवशी कळलं. ऑस्ट्रेलियातला जानेवारीचा उन्हाळा होता. आदल्या सकाळी ती मोटारसायकलवर निघाली होती, उत्तरेच्या ओसाड वस्तीत वडिलांच्या थडग्याची झाडलोट करायला. रात्री परतली नाही. उजाडताच तिचा नवरा नेव्हिल एकटाच पिकअप घेऊन शोधायला निघाला.

मेंढ्यांच्या कुरणाच्या फाटकापलीकडे मोटारसायकल उभी होती. फाटकाला साखळी नीट लावलेली. खराटा गाडीच्या मागे बांधलेला तसाच. सामानाची पिशवी जमिनीवर ओतलेली. नेव्हिलनं बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

तिथून परतीच्या वाटेवर, तासाभराच्या चालीवर, एका वाळक्या झुडपाखाली ब्रॉन पडली होती. जॅकेटचे सगळे खिसे उलटे होते.

ईस्टरच्या आधी नेव्हिल पोर्ट ऑगस्टात वर्ना शिर्मरकडे आला. वर्ना खासगी तपासाची कामं करायची. निवृत्त ट्रकचालक केन ऑजर्स तिची गाडी चालवायचा आणि चुकीचे तर्क लढवायचा.

नेव्हिलनं शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा लावला आणि पोलिसांचा कागद वाचला. "'स्वेच्छेनं वाहन सोडून गेली.' वर्ना, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, गाडी सोडून चालत सुटायचं नाही. तिला ठाऊक नव्हतं? गाडी धडधाकट होती. मला एवढंच सांग, तिला मरायचं होतं का?"

"कुणी लुटलं असेल," केन म्हणाला. "खिसे उलटे, पिशवी रिकामी."

"पाकीट तिथंच पडलं होतं, केन," वर्ना म्हणाली.

नेव्हिलनं चष्मा पुसून परत त्या घरात ठेवला. "हे तिचंच. आता माझ्या खिशातच असतं."

ब्रॉनच्या मोटारसायकलची देखभाल मेकॅनिक जॅरड करायचा. त्यानं वर्नाला पाहताच पाना खाली ठेवला. "मी काही केलेलं नाही."

"बरं, करायचं काय राहिलं ते सांग."

जॅरड ओशाळला. "कंपनीनं बसवलेली ती चोरी रोखायची यंत्रणा. गाडीला चावी नाही, रिमोट आहे, काडेपेटीहून लहान. तो जवळ असला तरच गाडी सुरू होते, नाहीतर दिवे मिचकावून बोंबलते. रिमोट नसला तर गुप्त आकडे घालावे लागतात. पण गाडी जुनी घेतलेली, आकडे आधीच्या मालकाबरोबर गेले. ब्रॉन म्हणायची, माझ्या हातून हे हरवणार, काढून टाक ते भूत. मी म्हटलं, नाताळनंतर बघू."

"चालत्या गाडीतून रिमोट पडला तर?"

"धावत राहते. बंद केली की संपलं."

केनची कळी खुलली. "बघ, वाटेत पडला."

"आणि नेव्हिलला सुरू कशी झाली, शहाण्या?"

"त्याचं जमतं त्या गाडीशी," जॅरड म्हणाला. "ब्रॉन गेल्यावर मी ती विकायला न्यायला गेलो. शेडमध्ये बटण दाबलं तर कानठळ्या बसल्या. नेव्हिल सपाता घालून धावत आला, तशी गप्प. त्यानं दाबलं, लगेच सुरू. म्हटलं राहू दे बाबा, मालक ओळखते ही."

हायवेवरच्या पंपाशेजारी ग्लेनिसची खाणावळ होती. त्या सकाळची न्याहारी नवराबायकोनं तिथंच केली होती.

"दोघांत एक चष्मा," ग्लेनिस म्हणाली. "मी म्हणायचे, चिक्कूंनो, आणखी एक घ्या की. त्या दिवशी तो मेंढ्यांच्या लिलावाला निघाला होता. तिनं चष्मा घरासकट त्याच्या हातात दिला. म्हणाली, 'कागद नीट वाच. म्हातारा मेंढा नको आणूस, घरात एक आहे.' मग ती गाडीवर बसली, तर हा तिला चिकटून उभा. ती गेली धूळ उडवत."

"मन ठिकाणावर होतं तिचं?"

"संध्याकाळसाठी केक राखून ठेव म्हणाली. पोलिसांना सांगितलं मी. ते म्हणाले, लोक असं बोलतातच."



"नेव्हिलकडे घे," वर्ना गाडीत बसत म्हणाली. "जाऊ नये असं वाटतं. पण त्यानं विचारलंय."

नेव्हिलच्या शेडमध्ये मोटारसायकलजवळ उभं राहून वर्नानं त्याच्याकडून चष्म्याचं घर मागून घेतलं आणि केनला दिलं. "हे घेऊन पार रस्त्यापर्यंत जा. आवाज ऐकू आला की परत ये."

केन कुरकुरत गेला. रस्त्यावर पोचतो तोच मागे भोंगा किंचाळला. तो वळला. चालत शेडच्या दाराशी आला आणि आवाज मधेच तुटला. केननं हातातल्या चष्म्याच्या घराकडे पाहिलं. या खेपेला त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वर्नानं नखानं आतलं मखमली अस्तर उचललं. खाली काळा रिमोट होता.

"हरवू नये म्हणून तिनं इथं ठेवला," ती म्हणाली. "त्या सकाळी सवयीनं घर तुला दिलं. तू शेजारी उभा होतास, म्हणून गाडी सुरू झाली. झाली नसती तर तिला तिथंच आठवलं असतं. फाटक लावायला ती उतरली, गाडी बंद केली आणि मग ती सुरू होईना. तिनं खिसे उलटे केले, पिशवी ओतली. ती शोधत होती, नेव्हिल. तिथं ना सावली, ना फोन. वाट पाहून ती परत फिरली."

"पण मी गेलो तेव्हा..."

"रिमोट तुझ्या खिशात होता."

नेव्हिल पालथ्या डब्यावर बसला. "म्हणजे तिला मरायचं नव्हतं."

"नाही. ती घरी येत होती."

"आणि मी हे खिशात घेऊन मेंढ्यांच्या किमती वाचत होतो."

"तुला काय ठाऊक असणार," केन म्हणाला.

"पोलिसांना मीच सांगितलं, केन. गाडी ठीक आहे म्हणून."

 पोलिसांचा कागद बदलून घेईन, असं वर्ना निघताना म्हणाली. नेव्हिलनं मान हलवली, पण त्यानं ऐकलं असेल असं केनला वाटलं नाही.

मोटारसायकलच्या मागे खराटा अजून बांधलेला होता. ब्रॉनच्या वडिलांच्या थडग्याची झाडलोट या वर्षी झालेली नाही.